मधला माणूस सोडा, कोपऱ्यातला बुधला बघा: जुन्या अमेरिकन चित्रांतून रोजचं जगणं कसं वाचायचं

विल्यम सिडनी माउंटचं १८४७ सालचं 'द पॉवर ऑफ म्युझिक' हे चित्र क्लीव्हलंडच्या कलासंग्रहालयात आहे. कोठाराच्या आत एक तरुण फिडल वाजवतोय आणि दोघे गोरे पुरुष ऐकतायत. दाराबाहेर, आतल्यांना दिसणार नाही अशा बेताने, एक काळा माणूस फळ्यांना टेकून तल्लीन झालाय. त्याच्या पायाशी एक कुऱ्हाड आणि एक बुधला. चित्रावर लिहिणारे बहुतेक जण संगीताच्या जादूवर दोन परिच्छेद लिहून मोकळे होतात. पण १८४७ सालच्या लाँग आयलंड या न्यूयॉर्कजवळच्या बेटावरचं रोजचं जगणं हवं असेल, तर नोंद करायची ती कुऱ्हाडीची, बुधल्याची आणि दाराच्या चौकटीची. हा माणूस काम मध्येच थांबवून आलाय, आणि त्याच्यासाठी ऐकण्याची जागा बाहेर आहे.

गिऱ्हाइकाची नजर जिथे जाणार तिथे चित्रकार सजावट करतो. जिथे जाणार नाही तिथे जसं दिसलं तसं काढून मोकळा होतो. त्यामुळे भरवशाचा पुरावा बहुधा कडेला, जमिनीवर, माणसांच्या पायांशी सापडतो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे. तिला अपवादही आहेत, तेही ओघात येतील.

आधी चित्र नीट मिळवा

यासाठी अमेरिकेला जावं लागत नाही. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी, स्मिथसोनियन, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस या सगळ्यांनी हक्क संपलेल्या हजारो चित्रांच्या मोठ्या प्रती संकेतस्थळांवर फुकट ठेवल्या आहेत. गूगलच्या शोधात पहिली आलेली प्रत मात्र घेऊ नका. ती बहुधा कडेने कापलेली असते, आणि आपल्याला तर कडाच हव्यात. संग्रहालयाच्या पानावर जाऊन सर्वांत मोठी फाइल उतरवा आणि मूळ चित्राची मापं शेजारी लिहून ठेवा.

मापं का? चित्रकार जॉर्ज केलेब बिंगहॅमचं 'फर ट्रेडर्स डिसेंडिंग द मिसूरी' हे नावेचं चित्र ९२.७ सेंटिमीटर रुंद आहे. तुमची फाइल ४,००० पिक्सेल रुंद असेल तर मूळ चित्राच्या एका सेंटिमीटरला साधारण ४३ पिक्सेल मिळतात, म्हणजे दोरी कुठे बांधलीय ते दिसतं. तीच फाइल १,२०० पिक्सेलची असेल तर १३ पिक्सेल मिळतात, आणि दोरी आणि फटकारा यांतला फरक कळत नाही. सेंटिमीटरला ३० पिक्सेलपेक्षा कमी असतील तर बारीक वस्तूंबद्दल काही ठाम लिहू नका.

मोबाइलवर हे काम होत नाही. शाळेतल्या प्रोजेक्टरवर निम्मं होतं, कारण प्रोजेक्टर काळोखातले तपशील खाऊन टाकतो आणि या चित्रांचे कोपरे मुळातच काळोखे असतात. फाइलची वेगळी प्रत करून फक्त गडद भाग उजळवा. मूळ फाइलला हात लावू नका, रंगांबद्दल बोलताना तीच लागणार आहे. छापायचं असेल तर ए-३ कागदावर इंचाला ३०० डॉट्सने ४,९६१ × ३,५०८ पिक्सेल लागतात, १५० डॉट्सला याच्या निम्मे पुरतात. गोव्यात जून ते सप्टेंबर कागद ओला सुटतो म्हणून लोक लॅमिनेशन करतात. त्यावर ट्यूबलाइट चमकते आणि नेमका हवा तो कोपरा दिसेनासा होतो. मॅट कागदावर छापून साध्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा आणि बघताना बाहेर काढा.

२४ चौकोन, ४८ मिनिटं

चित्राचं नाव, साल, माहिती असलं काही न वाचता पहिली दहा मिनिटं नुसतं बघा. मग चित्रावर सहा उभे आणि चार आडवे असे २४ चौकोन पाडा. छापील प्रतीवर पारदर्शक कागद ठेवून, नाहीतर संगणकावर रेषा मारून. प्रत्येक चौकोनाला दोन मिनिटं द्या. सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून करा आणि मधले चौकोन सर्वांत शेवटी घ्या. उलट केलं की मधली माणसं डोक्यात गोष्ट रचतात आणि कोपरे त्या गोष्टीला साजेसे दिसायला लागतात.

वहीत चार रकाने लागतात: चौकोन, दिसतं काय, वाटतं काय, पडताळायचं कुठे. 'दिसतं' या रकान्यात व्यवसाय, नातं किंवा भावना लिहायची नाही. 'शेतकरी' लिहू नका. 'टकलू पुरुष, चष्मा, डगल्याखाली बिबचा पट्टा, हातात तीन दातांचा फाटा' असं लिहा. हा काटेकोरपणा का, ते ग्रँट वूडच्या 'अमेरिकन गॉथिक'मध्ये कळतं. १९३० सालच्या त्या चित्रातला 'शेतकरी' हा वूडचा दंतवैद्य होता आणि शेजारची बाई वूडची बहीण. दोघं एकत्र कधी उभीच राहिली नाहीत, त्या घरासमोर तर नाहीच. आयोवातल्या एल्डन गावचं घर, बिबचा पट्टा आणि फाटा खरे आहेत. जोडपं बनवलेलं आहे. 'दिसतं' या रकान्यातच 'शेतकरी आणि त्याची बायको' लिहून बसलात तर ही शिवण पुन्हा उसवता येत नाही.

मोजण्यासारखं असेल ते मोजा. किती जण उभे, किती बसलेले. किती जणांच्या पायात काही नाही. किती जणांचे हात रिकामे. बायका किती आणि कुठे: दारात, खिडकीत, की कुठेच नाहीत. हे आकडे पुढे फार कामाला येतात.

हात, अवजार, आणि ते ज्यावर चालतंय ते

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. काम करणारा हात दिसला की चार गोष्टी तपासा: अवजार कुठलं, ते कशावर चालतंय, शरीर त्या कामाला शोभेल तसं वळलंय का, आणि झीज कुठे आहे. चौघांचं एकमेकांशी जमलं तर चित्रकाराने ते काम बघितलं होतं असं धरायला हरकत नाही. एकाचं बिनसलं तर का बिनसलं ते शोधायचं.

विन्स्लो होमरचं 'द व्हेटरन इन अ न्यू फील्ड' घ्या. साल १८६५, यादवी युद्ध नुकतंच संपलेलं. पाठमोरा माणूस गव्हाच्या उभ्या पिकात लांब दांड्याचं, एकाच पात्याचं अवजार चालवतोय. खालच्या उजव्या कोपऱ्यात त्याने काढून ठेवलेलं लष्करी जाकीट आणि पाण्याचा डबा. आपल्याकडच्या वाचकाला इथे पहिला चकवा बसतो. आपण त्याला विळा म्हणून मोकळे होतो. आपला विळा बसून, मूठभर धाटं धरून चालतो. हे अवजार उभ्याने, दोन्ही हातांनी, कमरेतून वळून चालवायचं. तेव्हा वहीत 'उभ्याने चालवायचं लांब दांड्याचं पातं' असंच लिहा. दुसरा चकवा जास्त खोल आहे. त्या काळी गहू कापायला नुसतं पातं वापरत नसत. पात्याच्या वर लाकडी बोटांची चौकट असे, म्हणजे कापलेली धाटं त्या बोटांवर झेलली जाऊन ओळीने पडत आणि पेंढ्या बांधणं सोपं जाई. बिनचौकटीचं पातं गवतासाठी. होमरला हे ठाऊक होतं. त्याने आधी चौकट काढली होती आणि नंतर रंगाखाली बुजवली. वरचा रंग काळाबरोबर पारदर्शक होत गेला, त्यामुळे लाकडी बोटं आज पुसट दिसतात. नुसतं पातं हाती घेतलेला माणूस म्हणजे पाश्चात्त्य चित्रांतला मृत्यू, आणि युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या हातात त्याला तेच हवं होतं. मुख्य वस्तूच बदलली जाते ती अशी. खालचं जाकीट आणि डबा मात्र जसेच्या तसे.

नोंदीत हे असं उतरतं: 'अवजार: कापणीच्या पद्धतीचा पुरावा म्हणून वापरू नये. पुसलेली चौकट: वापरावी.'

आता मासेमारी. इथे गोव्याच्या वाचकाची नजर अमेरिकन विद्यार्थ्यापेक्षा तयार असते. टॉमस ईकिन्सने १८८१ साली डेलावेअर नदीकाठच्या ग्लॉस्टरला शॅड पकडणाऱ्यांची चित्रं काढली. शॅड हा हिलशाच्या कुळातला मासा, वसंतात समुद्रातून नदीत वर चढतो. किनाऱ्यावरून जाळं ओढायचं, म्हणजे कोलव्याला किंवा बाणावलीला रापण बघितलेल्याला समजावून सांगण्यासारखं त्यात फार नाही. त्याने फक्त प्रश्न विचारायचे: जाळ्याचं कुठलं टोक किनाऱ्यावर आहे, दोर ओढणारे किती, त्यांचं वजन टाचांवर आहे की चवड्यांवर, बोयरे दिसतात का, बघे किती आणि ओढणारे किती. 'शॅड फिशिंग अ‍ॅट ग्लॉस्टर' या चित्रात पुढे उभे आहेत ते चांगल्या कपड्यातले बघे, म्हणजे ईकिन्सचीच माणसं आणि कुत्रा. काम पाठीमागे चाललंय. 'पाठीमागे' हीसुद्धा नोंद आहे.

त्याच वर्षीच्या 'मेंडिंग द नेट'मध्ये कोळी उभ्याने जाळी सांधतायत, झाडाखाली एक जण वर्तमानपत्र वाचतोय आणि शेजारी पाळीव हंस (गीज) आहेत. ईकिन्सने हे दृश्य वेगवेगळ्या फोटोंतून जुळवलं. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञांना रंगात बारीक ओरखडे सापडले. फोटो कॅनव्हासवर पाडून खुणा उतरवून घेताना ते पडले होते. म्हणून इथे जाळं धरायची प्रत्येकाची पद्धत विश्वासार्ह, कारण ती फोटोतून आली. पण 'एवढे जण एका वेळी असे ओळीने उभे राहून जाळं सांधत' हे विधान करता येत नाही. तपशील खरे, जमाव रचलेला. ही जोडी या चित्रांत पुन्हा पुन्हा भेटते.

शंका असेल तर छापील प्रत घेऊन ते काम करणाऱ्याकडे जा. जाळ्याचं चित्र रापणकाराकडे, रंध्याचं सुताराकडे, पिंपाचं फेणीच्या भट्टीवाल्याकडे. चित्राचं नाव झाका. 'हे बरोबर आहे का?' असं विचारू नका, समोरचा मान राखून हो म्हणेल. 'हा आता काय करतोय, आणि पुढच्या मिनिटाला काय करील?' असं विचारा. चित्रातला हात खोटा असेल तर पुढच्या मिनिटाचं उत्तरच येत नाही.

नावावर जाऊ नका

चित्राचं नाव बऱ्याचदा विकणाऱ्याने दिलेलं असतं. ईस्टमन जॉन्सनने १८५९ साली काढलेल्या चित्राचं नाव होतं 'नीग्रो लाइफ अ‍ॅट द साउथ'. पुढे ते 'माय ओल्ड केंटकी होम' म्हणून ओळखलं जाऊ लागलं, आणि बघणाऱ्याला ते केंटकीतल्या मळ्यावरचं वाटू लागलं. प्रत्यक्षात ते वॉशिंग्टन शहरातलं, जॉन्सनच्या वडिलांच्या घराजवळचं परसू आहे. राजधानीच्या मध्यात, पडक्या छपराखाली राहणारी गुलाम माणसं, आणि उजवीकडच्या दारातून आत डोकावणारी गोरी मुलगी. एका नावाने पुरावा शेकडो मैल सरकला.

बिंगहॅमच्या १८४५ सालच्या नावेच्या चित्राचंही तेच. त्याने दिलेल्या नावात फ्रेंच व्यापारी आणि त्याचा मिश्रवंशीय मुलगा असा स्पष्ट उल्लेख होता. चित्र घेणाऱ्या अमेरिकन आर्ट युनियनने नातं आणि वंश काढून टाकले, आणि 'मिसूरीवरून खाली जाणारे कातडीचे व्यापारी' एवढंच ठेवलं. नावेच्या टोकाला बांधलेलं काळं जनावर बरीच वर्षं मांजर किंवा कोल्हा समजलं जात होतं. ते अस्वलाचं पिल्लू आहे. आता 'दिसतं' या रकान्यात 'मांजर' न लिहिता 'टोकदार कानांचं, दोरीने बांधलेलं काळं जनावर' का लिहायचं ते कळलं असेल.

चार तारखा आणि दोन ठिकाणं

प्रत्येक चित्रासाठी चार तारखा वेगळ्या शोधा: प्रसंग घडला ती, रेखाटन केलं ती, चित्र पुरं झालं ती, आणि त्याचं छापील चित्र निघालं असेल तर ती. चारही क्वचितच मिळतात. दोन मिळाल्या तरी त्यांच्यातलं अंतर बोलतं.

पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावचा सुतार लुईस मिलर (१७९६–१८८२) याने गावाची अगणित लहान चित्रं काढली. माणसांची नावं लिहून, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये. रोजच्या जगण्याचा एवढा भरगच्च खजिना दुसरा नाही, म्हणून लोक डोळे मिटून वापरतात. पण चित्रावरचं साल बऱ्याचदा प्रसंगाचं असतं आणि चित्र त्याने पुष्कळ वर्षांनी, आठवणीतून काढलेलं असतं. लहानपणी पाहिलेला तंटा म्हातारपणी काढताना माणसं लक्षात राहतात, पण टोपीची तऱ्हा कदाचित चालू काळातली येते. मिलरकडून कोण, कुठे, कशावरून हे घ्या. कपड्यांची तऱ्हा दुसऱ्या पुराव्याशिवाय घेऊ नका.

सालच नसेल तर कागद बघायचा. दक्षिण कॅरोलायनातल्या जॉन रोझ या मळेवाल्याने काढलेलं 'द ओल्ड प्लांटेशन' हे जलरंग चित्र व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गला आहे. गुलाम माणसं दुधी भोपळ्याचा बँजो आणि ढोल वाजवतायत, एक जण काठी धरून नाचतोय. कागदात इंग्लंडच्या व्हॉटमन कागदगिरणीचं जलचिन्ह आहे, आणि अशा खुणांवरून चित्राचा काळ १७८५ ते १७९० च्या आसपास धरतात. लक्षात ठेवा, जलचिन्ह 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतं. कोरा कागद कपाटात वीस वर्षंही पडून राहू शकतो.

ठिकाणंही दोन असतात: दाखवलेलं आणि जिथे बसून काढलं ते. रिचर्ड केटन वूडव्हिलचं १८४८ सालचं 'वॉर न्यूज फ्रॉम मेक्सिको' म्हणजे अमेरिकन खानावळीचा ओटा, त्यावर वर्तमानपत्र वाचणारा आणि भोवती जमलेले पुरुष, खिडकीत एक बाई, खाली पायरीजवळ काळा माणूस आणि लहान मुलगी. आपल्याकडच्या घरांच्या बलकांवांत, म्हणजे पुढच्या ओट्यांवर, अजून असंच बसतात. हे चित्र जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये काढलं गेलं. त्यातली माणसांची मांडणी खरी वाटते ती वूडव्हिलला त्याचं बाल्टिमोर शहर आठवत होतं म्हणून. खांबांच्या लाकडाची नस मात्र मी पुरावा म्हणून धरणार नाही.

रंग उडतो, छाप उलटी होते

तैलचित्रावरचं वार्निश पिवळं पडतं आणि निळं हिरवट दिसू लागतं. जलरंगात काही लाल आणि नारिंगी रंग सर्वांत आधी उडतात. होमरचं १८८७ सालचं 'फॉर टु बी अ फार्मर्स बॉय' हे जलरंग शिकागोला आहे. त्यातलं आभाळ आज जवळजवळ कोरं दिसतं. तपासणीत निघालं की तिथे सूर्यास्ताचा लाल-नारिंगी भडका होता. म्हणजे शेतातलं काम भरदुपारी थांबलेलं नाही, कामाचा दिवस संपत आलाय. रोजच्या जगण्याच्या नोंदीत हा फरक मोठा. जलरंगातला उजेड दिवसाची वेळ ठरवायला वापरायचा असेल तर आधी संग्रहालयाच्या पानावर रंग उडाल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

'हार्पर्स वीकली'सारख्या साप्ताहिकांतली चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली असतात. ठोकळा एकसंध नसे, लाकडाचे लहान तुकडे बोल्टांनी जोडून केलेला असे, आणि घाई असली की वेगवेगळे तुकडे वेगवेगळे कारागीर कोरत. सांध्यांवर पांढरी केसासारखी रेघ दिसते. रेघेच्या दोन बाजूंना गवताची तऱ्हा बदलली तर बुचकळ्यात पडू नका, हात बदलला आहे. ठोकळ्यावर चित्र उलटं करून घेतलं नसेल तर छाप आरशातल्यासारखी येते. तपासायची सोपी युक्ती: पुरुषांच्या डगल्याची बटणं उजव्या अंगाला असतात. सगळेच डावखुरे दिसले, बटणंही डावीकडे गेली, तर चित्र उलटवून बघा. करिअर अँड आइव्ह्ज या न्यूयॉर्कच्या कंपनीच्या स्वस्त छापील चित्रांचे रंग तर कारखान्यात बसून बायका हाताने भरत, एकीने एक रंग, दुसरीने दुसरा. त्यातल्या झग्याच्या रंगावरून फॅशनचा इतिहास लिहायला बसू नये.

वस्तू ओळखायला: इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन

चित्रातला बुधला किंवा पेटी ओळखायची तर शब्दकोश फारसा कामाचा नाही. मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२ मध्ये, अमेरिकन सरकारने बेकार चित्रकारांना पगार देऊन जुन्या घरगुती वस्तूंची नेमकी जलरंग चित्रं काढून घेतली. सुमारे १८,००० चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत: रजया, खेळणी, मिठाची झिलई दिलेल्या बरण्या, वातकुक्कुट, लोहाराची कामं. वस्तूचा पोत, तडा, डाग सगळं दिसतं, कारण तेच काढायचं काम होतं. गिऱ्हाइकाला खूश करायचं नव्हतं. चित्रातल्या वस्तूचा आकार, झाकण, कान आणि बूड इंडेक्समधल्या दहा-बारा चित्रांशी ताडून बघा. एकाशी जुळलं म्हणून थांबू नका, बुधले सगळे भावंडांसारखे दिसतात.

इंडेक्सला एक मोठं भोक आहे: मूळनिवासींच्या वस्तू त्यात मुद्दाम घेतल्या नव्हत्या. त्यांच्या जगण्यासाठी त्यांनीच काढलेली चित्रं बघा. १८७५ ते १८७८ मध्ये फ्लोरिडातल्या फोर्ट मेरियनला कैदेत असलेल्या शायान आणि कायोवा जमातींच्या पुरुषांनी खतावणीच्या कागदांवर शिकार, तळ, लग्नाची मागणी, तुरुंगातली कवायत असं बरंच काढलं. ती वाचायची रीत वेगळी. हालचाल बहुधा उजवीकडून डावीकडे जाते. जमिनीवरच्या खुरांच्या खुणा घोडा कुठून आला ते सांगतात. डोक्यावर रेघेने जोडलेलं लहान चित्र म्हणजे त्या माणसाचं नाव. युरोपीय चित्रासारखं मध्यभागापासून वाचायला गेलात तर अर्धी गोष्ट हातची जाते.

वस्तूंनंतर पत्रं. माउंटच्या 'ईल स्पिअरिंग अ‍ॅट सेटॉकेट' (१८४५) मध्ये नावेच्या टोकाला भाला धरून काळी बाई उभी आहे आणि मागे गोरा मुलगा वल्हं सांभाळतोय. माउंटनेच एका पत्रात लहानपणी भाल्याने ईल, म्हणजे वाम मासे, मारायला शिकवणाऱ्या हेक्टर नावाच्या वृद्ध काळ्या पुरुषाची आठवण लिहिली आहे. पुरुष चित्रात बाई का झाला, हा प्रश्न वहीच्या चौथ्या रकान्यात जातो. भाला मारायची पद्धत पत्रात आणि चित्रात सारखी निघाली, तर ती 'दिसतं' या रकान्यात पक्की.

एक पूर्ण नोंद

बिंगहॅमचं 'द काउंटी इलेक्शन' (१८५२, सेंट लुईस कलासंग्रहालय) वरच्या पद्धतीने उतरवलं तर असं दिसेल.

दिसतं: पायऱ्यांवर लाल सदऱ्याचा पुरुष, हात पुस्तकावर. पाठीमागे लिहिणारे. उंच टोपी उचलणारा पुरुष पायरीवर. डावीकडे पिंप, काळा माणूस पेयं ओततोय. एक मतदार उभा राहू शकत नाही, दुसऱ्याने धरलाय. पुढे दोन मुलं जमिनीवर चाकूचा खेळ खेळतायत. उजवीकडे डोक्याला पट्टी बांधलेला माणूस. फलकावर 'लोकांची इच्छा हाच सर्वोच्च कायदा' अशा अर्थाची अक्षरं. बायका: शून्य.

वाटतं: मतदान तोंडी आणि सर्वांसमक्ष. दारू फुकट. डोकं बहुधा आजच फुटलंय.

पडताळायचं: मिसूरीत तेव्हा मत मोठ्याने सांगायचं आणि कारकुनाने वहीत लिहायचं, हे कायद्यावरून जुळतं. चित्रकार स्वतः १८४६ साली विधिमंडळासाठी उभा राहून वादग्रस्त निकालात हरला होता आणि १८४८ साली जिंकला, म्हणजे दारूच्या पिंपाकडे तो तटस्थ नजरेने बघत नव्हता. त्याने माणसांची शंभरावर वेगळी रेखाटनं करून ठेवली होती आणि तीच तो चित्रांत वापरत असे. म्हणून गर्दीची संख्या पुरावा नाही, वागण्याच्या तऱ्हा पुरावा आहेत. काळा माणूस ओततोय पण मत देऊ शकत नाही, यावर चित्रात कुठेही भर नाही. म्हणूनच ती नोंद सगळ्यांत पक्की.

सरावासाठी गोव्याचं एक चित्र

इंग्रज चित्रकार जॉन व्हाइटने १५८५ साली आजच्या नॉर्थ कॅरोलायनात मूळनिवासींच्या गावांची जलरंग चित्रं काढली. सेकोटन गावाच्या चित्रात मक्याची तीन शेतं आहेत: पिकलेला, हिरवा आणि नुकता उगवलेला, तसं शेजारी लिहूनही ठेवलंय. १५९० साली फ्रँकफर्टच्या थिओडोर द ब्री याने त्यावरून तांब्याचे पत्रे कोरले. त्यात माणसांचे देह युरोपीय पुतळ्यांसारखे झाले आणि गावात तंबाखू, भोपळे जास्तीचे आले. व्हाइटची मूळ चित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून फरक मोजता येतो. मोजाच. अर्ध्या तासात कोरणारा काय ढकलतो ते हाताला कळतं.

आता याच द ब्रीच्या मुलांनी १५९० च्या दशकाअखेरीस पुन्हा छापलेलं डच प्रवासी लिन्सखोटेनचं गोवा घ्या. लिन्सखोटेन १५८० च्या दशकात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ च्या त्याच्या पुस्तकातलं गोव्याच्या बाजाराचं चित्र डोटेकम घराण्याने कोरलं. इथे जॉन व्हाइटसारखी मूळ रेखाटनं शेजारी ठेवायला नाहीत, म्हणून कोरणाऱ्याने काय ढकललं ते सेकोटनवर शिकलेल्या नजरेनेच ओळखायचं. २४ चौकोन पाडा. त्याआधी एक शुक्रवार म्हापशाच्या बाजारात चौकोन पाडून बघा: कोण बसलंय, कोण उभं, ओझं डोक्यावर की हातात, सावली कोणावर. मग छापील बाजाराकडे या. पालखी आणि लिलाव मधे आहेत, ते शेवटी. सुरुवात छत्र्यांपासून करा: प्रत्येक छत्रीचा दांडा कोणाच्या हातात आहे, आणि सावली कोणाच्या डोक्यावर.